संगणकाच्या पहिल्या पानाची नक्कल

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. त्या दिवसापासून पुष्कळ कुटुंबांपुढें एक प्रश्न उभा राहिला आहे. घरांतील संगणक दहा-पंधरा वर्षांचा. विंडोज ७ असतांना घेतलेला आणि पुढें विंडोज १० वर चढविलेला. यंत्र धडधाकट आहे, पण विंडोज ११ ला जी नव्या धर्तीची यंत्रसामुग्री लागते ती त्याच्यापाशीं नाहीं. चालतें यंत्र भंगारांत घालावें हें मध्यमवर्गीय मनाला पटत नाहीं, आणि तें योग्यहि नाहीं. मग एखादा जाणता भाचा किंवा शेजारचा विद्यार्थी सुचवितो कीं, विंडोज आहे तसें राहूं द्या, शेजारीं लिनक्स बसवा, आणि संगणक सुरू करतांना दोहोंपैकीं हवें तें निवडा. यालाच 'ड्युअल बूट', म्हणजे दुहेरी प्रारंभाची व्यवस्था, असें म्हणतात.

सल्ला चांगला आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा एक सल्ला येतो: कामास हात घालण्यापूर्वीं 'मास्टर बूट रेकॉर्ड'ची नक्कल काढून ठेवा. हाहि सल्ला चांगलाच आहे. परंतु ही नक्कल कशाची, ती ठेवावयाची कोठें, आणि विशेषतः ती परत केव्हां लावावयाची व केव्हां लावावयाची नाहीं, हें सांगणारा क्वचित् भेटतो. परिणाम असा होतो कीं, संकट टळावें म्हणून काढलेली नक्कलच भलत्या वेळीं परत लावली जाते आणि नवें संकट उभें राहतें. म्हणून आज त्या रेकॉर्डची रचना समजावून सांगावी, आणि नकलेचे सर्व नियम त्या रचनेंतूनच कसे निघतात तें दाखवावें, असा माझा हेतु आहे. नुसता पाठ केलेला नियम विद्यार्थी विसरतो, कारण समजलेला नियम विसरत नाहीं, हा वर्गांतील पस्तीस वर्षांचा अनुभव येथेंहि उपयोगी पडेल असें वाटतें.

संगणकाची कळ दाबली कीं काय होतें, तें आधीं पाहूं. त्या क्षणीं यंत्राच्या कार्यकारी स्मृतींत कांहींच नसतें. विंडोज आहे तें डिस्कवर. पण डिस्कवरून विंडोज उचलून आणावें कसें, याचें ज्ञान विंडोजमध्येंच आहे. कुलूप पेटीला आणि किल्ली पेटींत, अशी ही गत. इंग्रजींत आपल्याच बुटांच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणें असा एक वाक्प्रचार आहे. त्यावरूनच या क्रियेला 'बूट' हें नांव पडलें.

ही कोंडी फोडण्यासाठीं यंत्राच्या मुख्य फळीवरील एका चिपेंत 'बायॉस' नांवाचा लहानसा कार्यक्रम कायमचा ठेविलेला असतो. तो प्रथम यंत्राची तपासणी करतो. मग ठरलेल्या क्रमानें डिस्क, पेन ड्राइव्ह वगैरे साधनें पाहतो, आणि ज्याची पाळी असेल त्याचा फक्त पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, वाचून स्मृतींत ठेवतो. त्या ५१२ बाइटांच्या अखेरीस दोन ठराविक बाइट आहेत कीं नाहींत एवढें पाहून, ते असल्यास, पुढचा सर्व अधिकार त्या पानावर लिहिलेल्या आज्ञांच्या हवालीं करतो. त्या आज्ञा कोणी लिहिल्या आणि त्या हितकर आहेत कीं घातक, याची चौकशी तो करीत नाहीं. डिस्कचें हें जें पहिलें पान, त्यालाच मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात.

ही पद्धति १९८३ सालची आहे. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तेव्हां त्यांत हार्ड डिस्क नव्हती. काम फ्लॉपीवर चाले. १९८३ च्या मार्चमध्यें 'एक्सटी' हा नमुना आला. त्यांत १० मेगाबाइटांची डिस्क होती, आणि त्याच्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ति आली. एका डिस्कचे निरनिराळे विभाग पाडावे व त्यांत निरनिराळ्या प्रणाली नांदाव्या, अशी सोय पहिल्या पानाच्या आंखणींतच तेव्हां करून ठेवण्यांत आली. म्हणजे दुहेरी प्रारंभ हा मागाहून काढलेला चोरदरवाजा नसून मूळ बांधकामांतीलच वाट आहे. मात्र पान एकच आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे, यांतून सगळा तंटा उत्पन्न होतो.

आतां हें पान उघडून पाहूं. ५१२ बाइटांचे तीन भाग आहेत: पहिला ४४६ बाइटांचा, दुसरा ६४ बाइटांचा, आणि तिसरा २ बाइटांचा.

पहिल्या भागांत यंत्रासाठीं आज्ञा असतात. एका बाइटांत एक इंग्रजी अक्षर मावतें, या हिशेबानें ४४६ बाइट म्हणजे एका पोस्टकार्डावर सहज लिहितां येईल एवढाच मजकूर. एवढ्याशा जागेंत संपूर्ण प्रणाली मावणें शक्य नाहीं. म्हणून पुढें कोणाकडे जावें एवढीच सूचना तेथें असते. या भागाच्या शेवटच्या सहा बाइटांपैकीं चार बाइटांत विंडोज त्या डिस्कची खूण लिहून ठेवतें व तिच्यावरून डिस्क ओळखतें. यासाठींच एका डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर लावूं नये.

दुसरा भाग म्हणजे विभागांचा तक्ता. त्यांत चारच ओळी असतात आणि प्रत्येक ओळ १६ बाइटांची असते. विभाग प्रारंभासाठीं निवडलेला आहे कीं नाहीं, त्याचा प्रकार कोणता, तो कितव्या सेक्टरपासून सुरू होतो, आणि त्याची लांबी किती सेक्टर आहे, एवढी माहिती प्रत्येक ओळींत सांपडते. मोजणीच्या नकाशाशीं हा तक्ता ताडून पाहावा. नकाशावर शेताची हद्द असते, शेत नसतें. नकाशा फाटला म्हणून जमीन कोठें जात नाहीं. पण कोणाची कोठून कोठवर हें सांगतां येईनासें होतें, आणि तेवढ्या अवधींत कोणी नांगर घातला तर उभें पीक जातें. तक्ता बिघडला तरी आपलीं छायाचित्रें व कागदपत्रें डिस्कवर जागच्या जागीं असतात. मात्र त्यांच्याकडे जाण्याची वाट बुजते, आणि त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें गेलें तर तीं खरोखरच नष्ट होतात.

तिसऱ्या भागांत दोनच बाइट आहेत. संगणकवाले ज्या षोडशमान पद्धतीनें अंक लिहितात तींत ते '५५' आणि 'एए' असे दिसतात. बायॉस पाहतो ती खूण हीच.

दुहेरी व्यवस्था करतांना या पानावर दोन बदल होतात, आणि ते एकमेकांपासून अगदीं वेगळे आहेत. माझ्या सांगण्याचा सारा भर या एका भेदावर आहे, म्हणून तो नीट लक्षांत घ्यावा.

पहिला बदल तक्त्यांत होतो. लिनक्सला जागा करून देण्यासाठीं विंडोजचा विभाग आंखूड करावा लागतो व मोकळ्या झालेल्या जागेंत नवे विभाग पाडावे लागतात. म्हणजे ६४ बाइटांतील ओळी बदलतात. दुसरा बदल आज्ञांत होतो. लिनक्स आपल्याबरोबर 'ग्रब' नांवाचा प्रारंभक आणतें. पहिल्या ४४६ बाइटांतील विंडोजच्या आज्ञा पुसल्या जाऊन तेथें ग्रबच्या आज्ञा येतात. ग्रबचा पसारा पोस्टकार्डावर मावण्यासारखा नसल्यामुळें त्याचा पुढचा भाग पहिलें पान आणि पहिला विभाग यांच्यामध्यें जी रिकामी पट्टी असते तींत ठेवतात. जुन्या रिवाजाप्रमाणें ही पट्टी ६२ सेक्टरांची असे. विंडोज व्हिस्टाच्या काळापासून पहिल्या विभागाच्या आधीं एकंदर २०४८ सेक्टर सोडण्याचा प्रघात पडला.

या दुसऱ्या बदलाच्या बाबतींत दोन प्रणालींचे स्वभाव निराळे आहेत. लिनक्स बसवितांना डिस्कवर विंडोज आढळल्यास ग्रबच्या यादींत बहुधा त्याचेंहि नांव घातलें जातें, आणि वापरणाऱ्याला निवड करतां येते. विंडोज बसवितांना मात्र त्याचा कार्यक्रम कोणास न विचारतां पहिल्या पानावर स्वतःच्या आज्ञा लिहून मोकळा होतो. ग्रब पुसला जातो आणि लिनक्स डिस्कवर असूनहि दिसेनासें होतें. आधीं विंडोज, मग लिनक्स, हा जो क्रम जाणकार सांगतात त्याचें कारण हें आहे.

आतां असें विचारूं कीं, आज्ञा आणि तक्ता या दोहोंपैकीं अधिक मोलाचें कोणतें? पुष्कळांना वाटतें आज्ञा. कारण त्या बिघडल्या कीं संगणक सुरूच होत नाहीं व घरांत एकच गोंधळ उडतो. वस्तुस्थिति उलट आहे. विंडोजच्या आज्ञा एका आवृत्तीच्या सर्व संगणकांवर सारख्याच असतात. त्या पुन्हां लिहावयाच्या असल्यास विंडोजच्या संचांतील दुरुस्तीच्या पडद्यावर 'बूटरेक' या आज्ञेला 'फिक्सएमबीआर' हें पद जोडून देतां येतें; विंडोज एक्सपीमध्येंहि याच कामाची आज्ञा होती, आणि डॉसमध्यें तें काम 'एफडिस्क' करी. या आज्ञा तक्त्याला धक्का लावीत नाहींत. ग्रबहि लिनक्सच्या संचांतून पुन्हां बसवितां येतो. एकंदरींत पोस्टकार्ड हरवलें तरी तोच मजकूर पुन्हां लिहून देणारे पुष्कळ आहेत.

तक्त्याचे ६४ बाइट मात्र केवळ तुमच्या डिस्कचे. तुमचा विभाग कितव्या सेक्टरपासून कितव्यापर्यंत आहे, हें कोणत्याहि कंपनीच्या दप्तरीं नोंदलेलें नाहीं. 'टेस्टडिस्क' नांवाचा एक उपयुक्त मोफत कार्यक्रम आहे. तो डिस्क धुंडाळून हरवलेल्या विभागांचा माग काढतो व पुष्कळदां यशस्वीहि होतो. पण नकाशा हातीं असणें आणि हद्दीचे दगड शोधीत रानोमाळ फिरणें, यांत अंतर आहे. नक्कल काढावयाची ती मुख्यतः या ६४ बाइटांसाठीं.

आतां प्रत्यक्ष कृति. लिनक्सचा संच ज्या पेन ड्राइव्हवर घेतलेला असतो, त्याच्यावरून डिस्कला हात न लावतां लिनक्स तात्पुरतें चालवून पाहतां येतें. तसें तें सुरू करावें आणि नक्कल ठेवण्यासाठीं दुसरा एक पेन ड्राइव्ह लावावा. मग आज्ञा देण्याची खिडकी, म्हणजे 'टर्मिनल', उघडून 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी. सर्व डिस्कांचीं नांवें आकारांसह पडद्यावर येतात. संगणकांतील डिस्कचें नांव बहुधा 'एसडीए' असतें व तिच्या विभागांचीं नांवें 'एसडीए-१', 'एसडीए-२' अशीं असतात. नांवावर विसंबूं नये, आकार पाहून खात्री करावी. आपल्याला हवें आहे तें अंक नसलेलें, सबंध डिस्कचें नांव. अंक असलेलें नांव दिल्यास त्या विभागाचा पहिला सेक्टर मिळतो. तो वेगळा असतो, आणि फसगत अशी कीं त्याच्याहि अखेरीस '५५ एए' हीच खूण बहुधा असते.

नक्कल काढण्याची आज्ञा 'डीडी'. ती प्रशासकाच्या अधिकारानें द्यावी लागते व तिला चार गोष्टी सांगाव्या लागतात. 'आयएफ' म्हणजे कोठून वाचावयाचें: येथें डिस्कचें नांव. 'ओएफ' म्हणजे कोठें लिहावयाचें: येथें पेन ड्राइव्हवरील फाइलीचें नांव. 'बीएस' म्हणजे एका घासाचें माप: ५१२. 'काउंट' म्हणजे घास किती: १. यांतील पहिल्या दोहोंची अदलाबदल झाली तर नक्कल निघण्याऐवजीं डिस्कच्या आरंभींच भलतें लिहिलें जाईल. 'डीडी' ही आज्ञा 'खात्री आहे ना?' असें विचारीत नाहीं. म्हणून ओळ लिहून झाल्यावर ती मोठ्यानें वाचावी, शक्य तर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी, आणि मगच एंटरची कळ दाबावी.

फाइल निघाली कीं तिची तपासणी करावी. तिचा आकार बरोबर ५१२ बाइट असला पाहिजे. 'फाइल' या नांवाचीच एक आज्ञा लिनक्समध्यें आहे. तिला ही फाइल दिली असतां हा बूट सेक्टर आहे असें ती सांगते. 'हेक्सडंप' या आज्ञेनें सर्व बाइट अंकांत पाहतां येतात, आणि अखेरच्या दोन जागीं ती परिचित खूण दिसते. तपासून न पाहिलेली नक्कल ही नक्कल नव्हे, असें धरून चालावें.

येथें एक उणीव भरून काढावयास हवी. तक्त्यांत चारच ओळी असल्यामुळें चाराहून अधिक विभाग हवे असतील तर एका ओळींत 'विस्तारित' विभाग दाखवितात व त्याच्या पोटांत आणखी विभाग पाडतात. या पोटविभागांची नोंद पहिल्या पानावर नसते. ती डिस्कवर पुढें ठिकठिकाणीं, एका कडीला दुसरी कडी जोडावी तशी, साखळीनें लिहिलेली असते. ५१२ बाइटांच्या नकलेंत ती येत नाहीं. यासाठीं 'एसएफडिस्क' ही आज्ञा 'डंप' या पदासह द्यावी. ती मुख्य विभाग व पोटविभाग या सर्वांचे आरंभ, लांब्या व प्रकार साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून देते, आणि तीच फाइल परत वाचून तक्ता पुन्हां उभारूं शकते. हा मजकूर माणसाला वाचतां येतो, हा त्याचा विशेष गुण. तो एका कागदावर छापून घ्यावा. यंत्र बंद पडलें तरी कागद वाचतां येतो.

ज्यांच्या डिस्कवर पूर्वींपासून ग्रब आहे त्यांनीं एका सेक्टराऐवजीं पहिल्या २०४८ सेक्टरांची, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांची, आणखी एक नक्कल घ्यावी. कारण ग्रबचा मोठा भाग पहिल्या पानामागच्या पट्टींत असतो हें आपण पाहिलें. आणि यांपैकीं कोणतीहि नक्कल त्याच डिस्कवर ठेवूं नये. डिस्क उघडत नाहीं म्हणून जी नक्कल हवी, तीच त्या डिस्कवर असेल तर किल्ली पुन्हां पेटींतच राहिली.

आतां भाषणांतील सर्वांत नाजूक भागाकडे वळूं: नक्कल परत लावणें. एक उदाहरण घेऊं. समजा, ५०० गिगाबाइटांची डिस्क आहे आणि सोपें व्हावें म्हणून तिच्यावर विंडोजचा एकच विभाग धरूं. आपण ५१२ बाइटांची नक्कल घेतली. मग विंडोजचा विभाग ३०० गिगाबाइटांपर्यंत आंखूड केला. उरलेल्या २०० पैकीं १०० लिनक्सला दिले, आणि १०० मध्यें एक सामायिक विभाग पाडून घरांतील छायाचित्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें, जमाखर्च अशा फाइली त्यांत हलविल्या. वर्ष निघून गेलें. एके दिवशीं ग्रब बिघडला, संगणक सुरू होईना. कोणाला तरी त्या जुन्या नकलेची आठवण झाली आणि त्यानें ती सबंध, ५१२ च्या ५१२ बाइट, परत लिहिली.

विंडोजच्या आज्ञा परत आल्या, हें खरें. पण त्यांच्याबरोबर वर्षापूर्वींचा तक्ताहि परत आला. त्या तक्त्याप्रमाणें ५०० गिगाबाइटांवर विंडोजचा एकच विभाग आहे. लिनक्सची ओळ नाहीं आणि छायाचित्रांच्या विभागाचीहि नाहीं. विंडोजच्या विभागाचा स्वतःचा आंतला हिशेब ३०० म्हणतो, आणि नकाशा ५०० म्हणतो. विंडोज कदाचित् सुरू होईल, आणि धोका नेमका तेथें आहे. सर्व ठीक झालें असें समजून कोणी तो विभाग ५०० पर्यंत 'वाढविला' किंवा मोकळी दिसणारी जागा कामांत घेतली, कीं शेतांत नांगर फिरला. सुरू न होणारा संगणक ही गैरसोय होती. छायाचित्रें गेलीं ही हानि झाली. गैरसोयीवर उपाय करावयास जाऊन हानि ओढवून घेतली, आणि तीहि नकलेच्याच जोरावर.

त्या गृहस्थानें काय करावयास हवें होतें? त्याला हव्या होत्या केवळ आज्ञा. तेव्हां 'डीडी'ला घासाचें माप ५१२ न देतां ४४६ द्यावयाचें होतें. म्हणजे फाइलींतील पहिले ४४६ बाइट डिस्कवर लिहिले गेले असते, तेथेंच हात थांबला असता, आणि आजचा तक्ता जसाच्या तसा राहिला असता. यावरून नियम असा निघतो: नक्कल घेतांना ५१२ घ्यावे, परत लावतांना, नकलेनंतर विभागांत कांहींहि फेरबदल झाला असेल तर ४४६ च लावावे. सबंध ५१२ परत लावण्याचा प्रसंग एकच: तक्ताच बिघडला आहे, आणि नक्कल घेतल्यापासून विभागांत बदल झालेला नाहीं याची खात्री आहे.

यांतूनच दुसरा नियम निघतो. दुहेरी व्यवस्था पुरी होऊन दोन्ही प्रणाली नीट चालूं लागल्या कीं त्याच दिवशीं दुसरी नक्कल घ्यावी. पहिली नक्कल जुन्या घराची, दुसरी नव्या घराची. फाइलींच्या नांवांतच तारीख घालावी. पुढें विभागांत केव्हांहि बदल केला तर तिसरी नक्कल घ्यावी. आणि तक्ता बिघडल्याची नुसती शंका आली तरी त्या डिस्कवर कांहींहि लिहूं नये. संगणक बंद करावा, आणि पेन ड्राइव्हवरील लिनक्स सुरू करून शांतपणें कागदाशीं ताडून पाहावें.

या नकलेपासून काय मिळत नाहीं, तेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. ५०० गिगाबाइटांच्या सामान्य डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. त्यांपैकीं आपण एका सेक्टराची नक्कल घेतली. आपल्या फाइलींची ही नक्कल नव्हे. २०१७ सालच्या जूनमध्यें 'नॉटपेट्या' नांवाचा घातक कार्यक्रम जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचें कामकाज त्यानें विस्कळीत केलें, आणि तिच्या समूहाकडे असलेल्या, आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें कामहि अडलें. हा कार्यक्रम पहिल्या पानावर स्वतःच्या आज्ञा लिही. बायॉस त्या पानाची चौकशी करीत नाहीं याचाच तो फायदा होता. पण तेवढ्यावर न थांबतां विंडोजच्या विभागांतील फाइलींची मुख्य सूचीहि तो गुप्तलिपींत बदलून टाकी. अशा वेळीं केवळ पहिल्या पानाची नक्कल काय कामाची? म्हणून विभागांना हात लावण्यापूर्वीं सर्व महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणें हें पहिलें कर्तव्य. पहिल्या पानाची नक्कल हें दुसरें. तसेंच डिस्कवर 'बिटलॉकर'चें कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी पुनःप्राप्तीची किल्ली आधीं कागदावर उतरून ठेवावी. कारण प्रारंभक बदललेला दिसतांच बिटलॉकर ती मागूं शकतो.

शेवटीं एक महत्त्वाचा अपवाद. वरील सर्व विवेचन जुन्या आंखणीच्या डिस्कांस लागू आहे. प्रत्येक ओळींत विभागाच्या लांबीसाठीं चार बाइटच असल्यामुळें त्या आंखणींत सुमारें २ टेराबाइटांपलीकडची जागा मोजतां येत नाहीं. पुढें बायॉसच्या जागीं 'यूईएफआय' आणि या तक्त्याच्या जागीं 'जीपीटी' ही नवी व्यवस्था आली. तींत पहिल्या पानावर केवळ एक राखणदार ओळ असते, जुन्या कार्यक्रमांनीं डिस्क कोरी समजूं नये म्हणून. खरा तक्ता दुसऱ्या सेक्टरपासून सुरू होतो व त्याची एक प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेविलेली असते. प्रारंभक तर एका वेगळ्या लहान विभागांत साध्या फाइलींच्या रूपानें असतो, त्यामुळें विंडोज व लिनक्स यांचे प्रारंभक शेजारीं शेजारीं राहूं शकतात. अशा डिस्कवर ५१२ बाइटांची नक्कल जवळजवळ निरुपयोगी होय. तेथें 'एसजीडिस्क' या आज्ञेनें तक्त्याची नक्कल घ्यावी आणि त्या लहान विभागांतील फाइली उतरून ठेवाव्या. आपली डिस्क कोणत्या जातीची हें विंडोजमध्येंच कळतें: 'डिस्क मॅनेजमेंट'मध्यें डिस्कच्या गुणधर्मांत 'पार्टिशन स्टाइल' पाहावी, तेथें 'एमबीआर' किंवा 'जीपीटी' असें लिहिलेलें असतें. कामास आरंभ करण्यापूर्वीं हें पाहणें अवश्य आहे, कारण एका जातीचें औषध दुसऱ्या जातीला चालत नाहीं.

श्रोतेहो, या सगळ्या खटाटोपास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागूं नये. पेन ड्राइव्ह आणि तक्त्याचा छापील कागद एका पाकिटांत घालून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. डिस्क कोणती, नक्कल कोणत्या दिवसाची आणि त्यानंतर विभागांत काय बदललें, हें पाकिटावर ठळक अक्षरांत लिहावें; कारण नक्कल घेणारा भाचा पुढें परगांवीं गेलेला असेल, आणि ती परत लावावयाची वेळ घरांतल्या दुसऱ्याच कोणावर येईल.